छत्री, खरखर आणि केबलचे बिल : वाचकांचे प्रश्न

दूरदर्शन, आकाशवाणी आणि घरोघरी लागणाऱ्या मनोरंजन वाहिन्यांविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सात येथे घेतली आहेत. निम्म्याहून अधिक तक्रारी वाहिनीच्या नसून गच्चीवरच्या डिशच्या किंवा घरातल्या वायरिंगच्या आहेत, त्यामुळे त्यांना जास्त जागा दिली आहे.

गुहागर : जूनच्या वादळानंतर डीडी फ्री डिशवर एकही वाहिनी दिसत नाही. मेनूत सिग्नल ८० टक्के दाखवतो, तरी पडदा काळाच. डिशवाला महिनाभर फिरकलेला नाही. घरच्या घरी काय करता येईल?

बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. तुम्ही ८० वाचलेत ती स्ट्रेंग्थ. तिच्यावरून एवढेच कळते की बॉक्सपासून एलएनबीपर्यंतची (डिशसमोरच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीपर्यंतची) वायर शाबूत आहे आणि एलएनबीला वीज पोचते आहे. डिश नारळाच्या झाडाकडे फिरवली तरी ती पट्टी बहुधा तेवढीच राहील. उपग्रह सापडला की नाही हे क्वालिटी सांगते, आणि तुमच्याकडे ती शून्य असणार. वाऱ्याने डिश सरकली आहे. बॉक्स आणि एलएनबी दोन्ही चालू आहेत, त्यामुळे नवीन काही विकत घ्यावे लागणार नाही.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर. गुहागरहून तो आग्नेयेला दिसतो : उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजत गेलात तर सुमारे १२९ अंशांवर, आणि क्षितिजापासून ५९ अंश उंच. पुण्याहून हेच आकडे १३२ आणि ५९, नाशिकहून १३४ आणि ५७.५, कोल्हापूरहून १२९ आणि ६०, नागपूरहून १४४ आणि ६०. मोबाइलमधले होकायंत्र चालेल, पण ते डिशच्या खांबापासून आणि स्लॅबच्या सळ्यांपासून दोन-तीन पावले दूर उभे राहून पाहा. लोखंडाजवळ सुई सहज वीस अंश खोटे बोलते. दिशा ठरली की त्या रेषेत समोर एखादी ठळक खूण धरून ठेवा.

आता खांब. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. खांब ओळंब्यात नसेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलत जाते आणि उपग्रह हाती लागत नाही. दोरीला नट बांधून दोन बाजूंनी ओळंबा धरा आणि खांब आधी सरळ करा. त्यानंतर डिशमागच्या पट्टीवरच्या खुणांनुसार ५९ अंश लावून ते बोल्ट अर्धवट आवळा. डिश इतकी उभी कशी दिसते, असे वाटेल. घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असते, तिची नजर तिच्या तोंडापेक्षा साधारण २४-२५ अंश वर असते. म्हणून ५९ अंशांसाठी थाळी ओळंब्यापासून फक्त ३४-३५ अंश मागे कललेली दिसते, आणि ते बरोबर आहे.

खांबाभोवतीचा क्लॅम्प इतकाच सैल करा की डिश हाताने फिरेल पण आपोआप घसरणार नाही. एकाने टीव्हीसमोर क्वालिटीची पट्टी पाहत फोनवर राहायचे. डिश एका वेळी अर्धा सेंटीमीटर फिरवून तीन-चार सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. घाईने फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटून जातो. याचे गणित असे : ६० सेंटीमीटरच्या डिशची कड एक सेंटीमीटर सरकली की दिशा जवळजवळ दोन अंशांनी बदलते, आणि या मापाच्या डिशची नजर सगळी मिळून तीन अंशांची. वादळाने तुमची डिश बोटभरच हलवली असेल, तेवढ्याने पडदा काळा होतो.

क्वालिटी दिसू लागली की आधी आडवी दिशा, मग उंची, आणि शेवटी एलएनबी त्याच्या क्लॅम्पमध्ये हलकेच डावी-उजवीकडे वळवून पट्टी जास्तीत जास्त कुठे जाते ते पाहा. बोल्ट एकदम न आवळता आळीपाळीने थोडेथोडे आवळा, नाहीतर आवळतानाच डिश ओढली जाते. बॉक्समध्ये एलएनबी फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६०० अशी हवी. शोधण्यासाठी १११७०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० हा ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरचा प्रक्षेपक, ठेवा. क्वालिटी आली तरी स्कॅन करून सह्याद्री खरेच सापडते का ते पाहिल्याशिवाय खाली उतरू नका. शेजारीच ९५ अंशांवरही उपग्रह आहेत आणि चुकून त्यांच्यावर डिश लागू शकते.

कोकणात आणखी एक दुखणे असते, खारी हवा. एलएनबीजवळचा एफ-कनेक्टर, म्हणजे वायरच्या टोकाचा आट्यांचा कनेक्टर, उघडून पाहा. मधली तांब्याची तार हिरवट किंवा काळी झाली असेल तर वायर दोन-तीन इंच कापून नवीन कनेक्टर बसवा. हे करण्यापूर्वी बॉक्सचा प्लग काढा, त्या वायरमधून एलएनबीसाठी १३ किंवा १८ व्होल्ट जात असतात. बाहेरचे आवरण दीड सेंटीमीटर सोला, जाळी मागे दुमडा, पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या काठाला टेकू द्या आणि मधली तार कनेक्टरच्या तोंडापुढे दोन-तीन मिलिमीटर ठेवा. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला चिकटला तरी बॉक्स ‘एलएनबी शॉर्ट’ दाखवतो. वरून रबरी सील टेप गुंडाळा आणि कनेक्टरच्या खाली वायरला एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, आत शिरणार नाही.

मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटे चित्र जाणे हा केयू बँडचा, म्हणजे या डिशवर येणाऱ्या लहरींच्या पट्ट्याचा, स्वभावच आहे. साध्या रिमझिमीतही जात असेल तर डिश पूर्ण नेमावर नाही असे समजा. आणि समोरचे झाड : डिशपासून तीन मीटरवर डिशच्या पातळीपेक्षा पाच मीटरहून उंच काहीही आडवे नको. ओल्या झावळ्या कोरड्या झावळ्यांपेक्षा खूपच जास्त सिग्नल खातात.

बीड जिल्हा : शेजाऱ्याच्या फ्री डिशवर माझ्यापेक्षा जास्त वाहिन्या दिसतात. डिश सारखीच आहे. आणि मालिकांच्या मोठ्या मराठी वाहिन्या दोघांकडेही नाहीत. त्यासाठी कुठला कोड टाकायचा?

तुमचा बॉक्स एमपेग-२ आहे, शेजाऱ्याचा एमपेग-४. चित्र आटवून पाठवण्याच्या या जुन्या आणि नव्या पद्धती. फ्री डिशवर दोन्ही प्रकारांत प्रक्षेपण होते. जुना बॉक्स एमपेग-४ वाहिन्या उलगडू शकत नाही, कितीही स्कॅन केले तरी. एमपेग-४ बॉक्स घेतलात की दोन्ही दिसतील, डिश आणि एलएनबी बदलायची गरज नाही. त्याआधी टीव्हीच्या मागे पाहा. अलीकडच्या अनेक टीव्हींत स्क्रूच्या आट्यांचे ‘सॅटेलाइट’ असे लिहिलेले छिद्र असते, तिथे डिशची वायर थेट जोडता येते.

दुसऱ्या भागाचे उत्तर सरळ आहे : असा कोणताही कोड नाही. कोड विकणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या सशुल्क वाहिन्या आहेत. त्यांचे उत्पन्न जाहिरातींबरोबर प्रेक्षकांच्या वर्गणीतूनही येते. फ्री डिशवर वर्गणीच नाही, उलट खासगी वाहिनीलाच तिथली जागा लिलावात पैसे भरून घ्यावी लागते. म्हणून तिथे ज्यांचा सगळा भार जाहिरातींवर आहे अशाच खासगी वाहिन्या येतात, आणि लिलाव झाला की त्यांची यादी बदलते. दोन-तीन महिन्यांनी एकदा पुन्हा स्कॅन करण्याची सवय ठेवा. आठवडाभर एखादी वाहिनी ‘गायब’ असते तेव्हा बहुतेक वेळा ती नव्या ट्रान्सपाँडरवर गेलेली असते.

पुणे, सदाशिव पेठ : वाड्याच्या गच्चीवर जुना काड्यांचा अँटेना अजून आहे. त्यावर सह्याद्री लागेल का?

नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यात दिसू लागले, तो तुमच्या अँटेनाचा काळ. ती जमिनीवरून होणारी अ‍ॅनालॉग प्रक्षेपणे प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने बंद केली. मोजकी केंद्रे सोडून उरलेली सगळी ३१ मार्च २०२२ पर्यंत थांबवण्याचे ठरले होते. आता सह्याद्री फ्री डिशवर, केबलवर किंवा खासगी डीटीएचवर पाहावी लागेल. काड्या उतरवा, पण खांब ठेवा. तो भक्कम आणि ओळंब्यात असेल तर त्यावरच डिश बसेल.

फलटण : सकाळी शेतीविषयक कार्यक्रम आणि बातम्यांसाठी पुणे आकाशवाणी ७९२ वर लावतो. दोन वर्षांपासून घरात नुसती खरखर येते, शेतात मात्र स्वच्छ लागते. केंद्राची ताकद कमी झाली का?

शेतात स्वच्छ लागते, यातच उत्तर आहे. केंद्र ठीक आहे, खरखर घरात तयार होते. मध्यम लहरी म्हणजे एएम. त्यात आवाज लहरीच्या कमी-जास्त उंचीवर स्वार असतो आणि विजेच्या प्रत्येक ठिणगीची भर त्याच उंचीत पडते. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर, या सगळ्यांत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे सर्किट असते. त्याचा कचरा घरातल्या वायरिंगमधून पसरतो आणि ते वायरिंगच अँटेनासारखे काम करते.

चोर शोधायचा असा : रेडिओ सेलवर चालवा, ७९२ लावा, मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर चोर घरातच आहे. मग बोर्डावरचे सगळे एमसीबी, म्हणजे खोल्यांचे छोटे स्विच, खाली पाडा, मेन चालू करून एकेक उचला, ज्याने खरखर परत येईल त्या खोलीतले बल्ब आणि चार्जर एकेक करून काढून पाहा. मोबाइल चार्ज होत नसला तरी प्लगमध्ये राहिलेला चार्जर आवाज करतो. मेन बंद करूनही खरखर राहिली तर ती इन्व्हर्टरची, शेजारची किंवा रस्त्यावरच्या दिव्याची. इन्व्हर्टर वेगळा बंद करून पाहा. रेडिओ अडॅप्टरऐवजी सेलवरच ठेवावा, असा आमचा ठाम सल्ला आहे. निम्मी घरघर तेवढ्याने जाते.

दुसरी गोष्ट फुकटची आहे. मध्यम लहरींसाठी वरची चकाकती काडी उपयोगाची नाही, ती एफएमसाठी. एएमचा अँटेना रेडिओच्या आत असतो : काळ्या फेराइटच्या दांडीवर गुंडाळलेली बारीक तार, बहुतेक रेडिओंत लांबीच्या दिशेने. केंद्र दांडीच्या बाजूला असले की सिग्नल सर्वांत जास्त मिळतो, दांडीचे टोक केंद्राकडे असले की जवळजवळ मिळतच नाही. म्हणून रेडिओ टेबलावर सावकाश पाव फेरा फिरवा. फायदा दोन्हीकडून घेता येतो. दांडीचे टोक खरखर करणाऱ्या वस्तूकडे ठेवलेत तर ती खरखरही दबते.

एवढ्यानेही भागले नाही तर लूप अँटेना बनवा. लाकडाच्या ६५ सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या जोडा, म्हणजे ४५ सेंटीमीटर बाजूचा चौरस मिळतो. चारही टोकांना नऊ सेंटीमीटरच्या आडव्या पट्ट्या ठोकून त्यांना पाच-पाच मिलिमीटरवर सोळा खाचा पाडा. त्या खाचांतून मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळणारी इनॅमलची बारीक तांब्याची तार सोळा फेरे गुंडाळा, तीस मीटर पुरते. तारेची दोन टोके जुन्या रेडिओतल्या ३६५ पिकोफॅरडच्या गँगला, म्हणजे केंद्र लावण्याच्या पात्यांच्या कंडेन्सरला, जोडा, एक टोक फिरत्या पात्यांना, एक स्थिर पात्यांना. जोडण्यापूर्वी इनॅमल ब्लेडने खरवडून काढा. हे विसरल्यामुळे ‘लूप चालत नाही’ म्हणणारे पुष्कळ आहेत. सगळे जमले तर साधारण ५४० किलोहर्ट्‌झपासून वरच्या बहुतेक पट्ट्यावर तो मिळतो. खालच्या टोकाला पोचला नाही तर गँगचे दोन्ही भाग एकत्र जोडा.

रेडिओला वायर जोडायची नाही. रेडिओ चौकटीच्या मधोमध, त्याची लांबी चौकटीच्या सपाटीला काटकोनात येईल असा ठेवा. रेडिओवर ७९२ लावून गँग अगदी हळू फिरवा. एका जागी आवाज एकदम भरून येतो, केसभर पुढे गेलात की जातो. मग चौकट आणि रेडिओ एकत्रच फिरवून केंद्राची दिशा साधा.

संध्याकाळनंतर परगावची केंद्रे एकमेकांत मिसळतात, ती मात्र तुमच्या घरची चूक नाही. दिवसा वातावरणाचा एक थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि शेकडो मैलांवरची केंद्रे वरच्या थरावरून परावर्तित होऊन खाली येतात. लूप फिरवून नको असलेले केंद्र बरेच दाबता येते, पूर्णपणे नाही.

सातारा : मुलीने अमेरिकेहून छान डिजिटल रेडिओ आणला. त्यावर ७९० लागते, ८०० लागते, ७९२ लागतच नाही. आवाज फाटका येतो.

रेडिओ चांगला आहे, फक्त त्याची पावले अमेरिकेची आहेत. तिकडे मध्यम लहरींवर केंद्रे १० किलोहर्ट्‌झच्या अंतराने असतात, आपल्याकडे ९ च्या. पुण्याचे ७९२, नागपूरचे ५८५, सगळे नऊच्या पाढ्यात येतात. मेनूत किंवा माहितीपत्रकात ‘एएम स्टेप’ शोधून ९ करा. बऱ्याच रेडिओंत तो बंद ठेवून एक ठरावीक बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. बदल केल्यावर जतन केलेली केंद्रे पुसली जातात, ती पुन्हा भरा. अडॅप्टर ११० व्होल्टचा असेल तर तो आपल्या प्लगात लावू नका.

डोंबिवली : अर्ध्या तासाच्या मालिकेत गोष्ट किती आणि जाहिराती किती, याला काही नियम आहे का? जाहिरात लागली की आवाज एवढा मोठा होतो की आजारी सासूबाई दचकून जाग्या होतात. तक्रार कुठे करायची? आणि केबलचे बिल कमी कसे करायचे?

नियम आहे. केबल टेलिव्हिजनच्या नियमावलीनुसार तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत : दहा मिनिटे बाहेरच्या आणि दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या. जाहिरातीचा आवाज आणि चित्र अवाजवी भडक नसावे, हेही त्याच नियमांत लिहिले आहे. सासूबाईंच्या झोपेचा प्रश्न किरकोळ नाही, त्यामुळे तक्रार जरूर करा.

आवाज मोठा का वाटतो? मालिकेत कुजबूज असते, शांतता असते, मग एखादी किंकाळी. जाहिरातीत सर्वांत मोठा आवाज तेवढाच ठेवून मधले सगळे बारीक आवाज वर ओढलेले असतात, त्यामुळे सरासरी चढते आणि कानाला ती सरासरीच कळते. आजच्या आज करता येण्यासारखा उपाय टीव्हीच्या साउंड मेनूत आहे : ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘नाइट मोड’ चालू करा.

तक्रारीसाठी २०२१ च्या दुरुस्तीने तीन पायऱ्या ठरल्या आहेत. पहिली, वाहिनीचा तक्रार अधिकारी. त्याचे नाव-पत्ता वाहिनीच्या संकेतस्थळावर असतो. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय मिळायला हवा. समाधान झाले नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे जा, आणि शेवटी केंद्र सरकारकडे. जाहिरातीतला मजकूरच दिशाभूल करणारा असेल तर जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे आस्कीकडे, वेगळे लिहा. पत्रात तारीख, मिनिटापर्यंत वेळ, वाहिनी, कार्यक्रम आणि केबल की डीटीएच हे लिहा. रिमोटला हात न लावता मालिकेचा शेवट आणि जाहिरातीची सुरुवात सलग मोबाइलवर टिपा. वाहिनीला आपले प्रक्षेपण ९० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. त्यापेक्षा जुनी घटना सिद्ध करणे अवघड जाते, म्हणून त्याच आठवड्यात लिहा.

बिलाचे तीन भाग असतात : जोडणीचे शुल्क, सशुल्क वाहिन्यांची किंमत, आणि कर. शुल्कावर पूर्वी १३० रुपयांची कमाल मर्यादा होती, २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ती काढली, त्यामुळे आता ऑपरेटरांचे दर विचारून तुलना करण्यात अर्थ आहे. खरी बचत दुसऱ्या भागात होते. महिनाभर घरात खरोखर पाहिल्या गेलेल्या वाहिन्या कागदावर लिहा, ९९९ क्रमांकाच्या वाहिनीवर त्यांच्या किमती पाहा आणि सुट्या घेतल्या तर बेरीज किती होते ते काढा. पाच-सहा सशुल्क वाहिन्या पाहणाऱ्या घराला सुट्या बहुधा स्वस्त पडतात. एकाच समूहाच्या चार-पाच पाहत असाल तर त्या समूहाचा पुंजका, म्हणजे एकत्र विकला जाणारा वाहिन्यांचा संच, स्वस्त. एकोणीस रुपयांहून महाग वाहिनी पुंजक्यात घालता येत नाही, ती असेल तर तुम्ही ती वेगळी घेतलेली आहे. दूरदर्शनच्या वाहिन्यांना वेगळी किंमत नाही, आणि सरकारने ठरवून दिलेल्या वाहिन्या दाखवणे केबलवाल्याला १९९५ च्या कायद्याने भाग आहे. ‘सह्याद्रीसाठी मोठे पॅकेज घ्या’ असे कोणी म्हणाले तर हा कायदा दाखवा.

न्यू जर्सी : सकाळच्या मराठी प्रादेशिक बातम्या इथे ऐकता येतील का?

हो. प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअर या मोफत अ‍ॅपवर आकाशवाणीची केंद्रे थेट ऐकू येतात. भाषा किंवा राज्य निवडून पुणे शोधा. थेट प्रवाह प्रत्यक्ष प्रक्षेपणापेक्षा काही सेकंद मागे असतो, त्याने बिघडत नाही. मोबाइल डेटा वापरत असाल तर आधी घरच्या वायफायवर तासभर लावून किती डेटा जातो ते पाहून घ्या. वेळ मात्र नीट मोजा : पुण्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा तुमच्याकडे उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे मागे गेली की साडेआठ.